सातव्या तळघराची नक्षी

"मग त्या शेवटच्या खोलीत आहे तरी काय?"

सुश्रुतने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा वस्ताद मागावर होते. दुसऱ्यांदाही मागावरच होते. तिसऱ्यांदा तर त्यांच्या दातात रेशमाचा धागा होता, आणि दातात धागा असलेला माणूस बोलेल अशी आशा पुण्याहून गाडी करून आलेला माणूसच धरू शकतो.

गणपतसा वस्ताद येवल्यातले पैठणीचे जुने कारागीर. वय पंच्याहत्तरच्या अलीकडे-पलीकडे, नेमकं त्यांनाही ठाऊक नाही. माग खड्ड्यातला, त्यामुळे पाय जमिनीखाली आणि वस्ताद कमरेपासून वर. नवा माणूस आला की त्याला वाटतं, यांना अर्धंच पेरलंय.

खोलीच्या कोपऱ्यात हलीमाबी चरख्यावर रेशीम भरत बसली होती. चाळीस वर्षं ती याच कोपऱ्यात कांड्या भरते. कान तिखट, जीभ त्याहून.

"अहो, तो काय विचारतोय," ती म्हणाली.

वस्तादांनी धागा ओवला. गाठ मारली. मग वर बघितलं.

"कुठली खोली?"

"सातव्या तळघरातली. काळी खोली. तुम्ही तिथे पोचला आहात असं कळलं म्हणून आलो."

"कोणी सांगितलं?"

"सगळ्या महाराष्ट्रात शोधलं. इंटरनेटवर शोधलं. तुम्ही एकटेच."

"हं," वस्ताद म्हणाले, आणि परत मोराच्या मानेकडे वळले.

आता हे तळघर म्हणजे काय, ते सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, येवल्यात जमिनीखाली धन सापडलं.

तो होता कॉम्प्युटरवरचा खेळ. 'सेव्हन सेलर्स'. येवल्यात त्याला म्हणायचे सात तळघरं. चौऱ्याण्णव साली विणकरांच्या सोसायटीने नक्षी काढायला एक कॉम्प्युटर घेतला. बसवायला आलेल्या माणसाने जाताजाता त्यात हा खेळ टाकून दिला. त्या मशीनवर नक्षी एकही निघाली नाही. पुढे सोसायटी मिटली, मशीन भंगारात निघालं, आणि वस्तादांनी ते हातगाडीवर घालून घरी आणलं. अजून चालतं. फुगीर पडद्याचं, वर पैठणीच्या उरलेल्या काठाचं झाकण. येवल्यात कॉम्प्युटरसुद्धा नटून बसतो.

खेळ असा, की सहा जण निवडायचे. एक ढालवाला, एक तलवारवाला, एक चोर, एक वैद्य, एक जादूगार आणि सहावा मशाल धरणारा. सहांना नावं द्यायची आणि सात मजले खाली उतरायचं. भिंती करड्या, सगळ्या सारख्या. नकाशा नाही. खूण नाही. कोणी काही बोललं तर आपण लिहून ठेवायचं, परत सांगत नाहीत. आणि मेला तो मेला.

पहिल्याच जिन्याजवळ एक म्हातारा बसलेला असतो. तो एकच वाक्य बोलतो. सातव्या तळघरात एक खोली आहे, तिथे उजेड नाही, तुमचं जे हरवलं ते तिथे ठेवलंय.

सुश्रुत तेरा वर्षांचा असताना कोपरगावात या वाक्याने वेडा झाला होता. सातव्या तळघरापर्यंत तो पोचला. प्रत्येक भिंत ढकलून बघितली. खोली सापडली नाही. मग दहावी आली, मग बारावी आली, मग मोठेपण आलं... आणि मोठेपणात माणसाला खोल्या भाड्याने मिळतात, तशा सापडत नाहीत.

आता तो छत्तीस वर्षांचा. स्वतःच खेळ बनवायचा. 'वीरगड' नावाचा त्याचा खेळ सत्तर लाख लोकांनी फोनवर उतरवून घेतला होता. त्यात जमिनीवर एक सोनेरी बाण असे. बाण जाईल तिकडे जायचं. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या डोक्यावर दिवा लागे. बोट लावलं की 'शाब्बास'. पडलात की 'पुन्हा उठा'. बाणाची कल्पना सुश्रुतची स्वतःची, आणि हे तो ओळख झाल्यापासून चार मिनिटांच्या आत सांगत असे. वस्तादांना त्याने तीन मिनिटांत सांगितलं होतं.

त्याची कंपनी आता जुनी सात तळघरं नव्याने आणणार होती. बाणासकट. सगळं जमलं होतं, एक शेवट सोडून. मूळ खेळ करणारे लोक कधीच पांगले होते. सोमवारी शेवट हातात हवा, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाणार. तेवीस वर्षं त्याच्या उरात बसलेला खेळ, आणि बाण तिसराच कोणी मारणार.

"वस्ताद, फक्त एवढंच सांगा," तो म्हणाला. "खोलीत काय आहे. मी लगेच निघतो."

"खेळा की. ते काय तिथं आहे मशीन."

"मी खेळायला नाही, जाणून घ्यायला आलोय."

वस्तादांनी हलीमाबीकडे बघितलं. हलीमाबीने छताकडे बघितलं.

"बरं," सुश्रुत म्हणाला आणि जाऊन बसला. व्यवसायाचा माणूस तो. एखादा तास गेला तर गेला.

पडद्यावर प्रश्न आला. पहिल्याचं नाव?

त्याने टाईप केलं, ए.

दुसऱ्याचं? बी. तिसऱ्याचं, सी. मग डी, ई, एफ. अर्ध्या मिनिटात सहा वीर तयार. त्याच्या खेळात तर नावंसुद्धा द्यावी लागत नसत, नंबर आपोआप पडे.

तो उतरला. अंधारात एफची मशाल. सुश्रुतच्या पाठीवर एक थंड रेघ गेली, तेराव्या वर्षी जायची तशी. त्याने ती झटकली. डावीकडे वळला, उजवीकडे वळला, दोन उंदीर मारले. आणि मग एकेक जण गप्पच झाला.

अकराव्या मिनिटाला सहाही मेले.

"हे काय! कोणी मारलं?"

"भुकेने गेले," वस्ताद मागावरूनच म्हणाले.

"पण मला सांगितलंच नाही भूक लागलीय म्हणून!"

"घरी तुम्हाला कोण सांगतं?"

"बायको सांगत असेल," हलीमाबी म्हणाली. "तोंडावरून वाटतंच."

सुश्रुत हसला नाही. सत्तर लाख लोकांचा माणूस एका येवल्याच्या घरात उपाशी मेला होता, तोही सहा वेळा.

"म्हणूनच हे बदलायला हवं," तो म्हणाला. "आज असं कोणी खेळत नाही, वस्ताद. लोकांना वेळ नाही. त्यांना वाट दाखवली की ते चालतात. नाही दाखवली की फोन बंद करतात."

"मग वाट दाखवल्यावर शेवटपर्यंत जातात?"

"शंभरातले... तीन."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही तुमचा खेळ खेळता?"

"मी कुठलाच खेळत नाही," सुश्रुत म्हणाला. हे तो कोणाला बोलला नव्हता. "सहा वर्षं झाली. दहा मिनिटांच्या वर बसवत नाही. मला वाटतं, तेरा वर्षांचं असताना जे वाटायचं ते खेळात नव्हतंच. ते वयच तसं होतं... की खेळात होतं? तेवढं तरी मला कळायला हवं."

वस्तादांनी आडवा धागा नेणारा धोटा खाली ठेवला. दोन्ही हात टेकून ते खड्ड्यातून वर आले, आणि पहिल्यांदाच दिसलं की त्यांना पायही आहेत.

फळीवर बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. त्यात फ्लॉप्या, लवंगा आणि कागदांची गुंडाळी. गुंडाळी त्यांनी सुश्रुतपुढे टाकली.

पैठणीची नक्षी काढायचा चौकोनी कागद. एक चौकोन म्हणजे एक धागा, तसं इथे एक पाऊल. सात कागद, सात मजले. भिंती लाल पेन्सिलीने, पाणी निळं, दारं कोरी सोडलेली. जिना असेल तिथे पोपट, कारंजं असेल तिथे कमळ. वस्तादांना दुसऱ्या खुणा येतच नव्हत्या.

सुश्रुतने एकेक उलगडला.

हे त्याने चाललेले रस्ते होते. या भिंतींना त्याची बोटं ठाऊक होती. पण त्याने त्या कधी वरून बघितल्या नव्हत्या. वरून बघितल्यावर ते तळघर नव्हतंच... पदर होता. कोणीतरी अंधारात, जमिनीखाली, कोणाला कधी दिसणार नाही अशा जागी, सात मजली पदर विणून ठेवला होता.

"हे... किती दिवसांत काढलंत?"

"दिवसांत नाही."

"इंग्रजी कसं कळलं?"

"डिक्शनरी आणली."

हे खरं होतं. वस्तादांचं शिक्षण चौथीपर्यंत आणि इंग्रजी सगळं तळघरातलं. एकदा दिल्लीहून हातमाग बघायला एक मोठ्या बाई आल्या होत्या. वस्तादांनी दारात हात जोडून, येत होतं त्या इंग्रजीत त्यांचं स्वागत केलं. "यू हॅव एंटर्ड. देअर इज नो वे बॅक." बाई चहा न घेता गेल्या.

सुश्रुतने सातवा कागद पुढे ओढला. शेवटचा मजला. त्याने बोट फिरवलं. त्याला आठवत होतं तसंच होतं सगळं. काळी खोली कुठेच नव्हती.

"यात खोली नाही."

"आहे."

"दाखवा."

"दाखवू कशी? तुमचा बाण मला येत नाही."

त्याने फोन काढला. कागदाचा फोटो घेतला. फोनमधल्या कसल्याशा हुशारीला विचारलं की यात लपलेली खोली शोध. फोन म्हणाला, कागद सरळ धरा. त्याने सरळ धरला. फोन म्हणाला, ही साडी सुंदर आहे.

हलीमाबीला एवढं हसू आलं की धागा तुटला.

"हसू नका, मावशी. तुम्हाला तरी दिसतंय का?"

"मला काय दिसायचंय? मी त्यात मेलेली आहे."

"काय?"

"यांनी मारलं मला. चौथ्या तळघरात. अजून विसरले नाही मी."

मग तिने सांगितलं ते असं. वस्ताद आपल्या वीरांना नावं द्यायचे ती गल्लीतली. सोसायटीचे चेअरमन चोर झाले, आणि रागावून चार दिवस बोलले नाहीत. पण पाचव्या दिवशी सकाळी खिडकीत येऊन हळूच विचारू लागले, मी आहे ना अजून? हळूहळू सगळी गल्लीच विचारायला लागली. सूत रंगवणारा येई. पिठाच्या गिरणीवाला येई. बायका येत. कोण जिवंत, कोण गेलं, कोणी कोणाला वाचवलं. हलीमाबी जादूगार होती. चौथ्या तळघरात साप चावला. पंधरा दिवस ती वस्तादांशी बोलली नाही.

"आणि माझे मालक, सरदारभाई. ते मशालवाले. पाचव्यात गेले. मला म्हणाले, बघ, तू गेलीस म्हणून मी गेलो."

तिने चरखा फिरवला.

"मग अकरा वर्षांपूर्वी खरंच गेले."

...

माग थांबलेला. बाहेर कोणाच्या तरी मागाची खटखट चालू होती.

"वस्ताद," सुश्रुत म्हणाला. आवाज उतरलेला होता. "तुम्हाला खोली कशी सापडली?"

"चुकून."

"म्हणजे?"

"नक्षीत अर्धाच मोर काढतात. उरलेला अर्धा उलटून घेतात."

"बरं."

"मला वाटलं, तळघरही तसंच. सातव्यात मी डावी बाजू चाललो. उजवी घरी बसून उलटून घेतली. कोण एवढं चालणार?"

"आणि ती तशी नव्हती."

"जवळजवळ होती."

"जवळजवळ म्हणजे?"

वस्ताद परत खड्ड्यात उतरले. पाय दिसेनासे झाले.

"पुढं मग चाललो उजवी बाजू पण. तुमच्या हातात आहे तो चालून काढलेला कागद."

सुश्रुत कागदाकडे बघत राहिला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. चौकोन मोजायला लागला. नव्वदपर्यंत गेला आणि चुकला. परत पहिल्यापासून मोजायला लागला.

"उलटून बघ की रे बाबा," हलीमाबी म्हणाली. "नक्षी आहे ती. हिशोबाची वही आहे का?"

त्याने कागद मधोमध दुमडला.

छपराच्या कौलात एक काच बसवलेली होती. तिथून उजेडाचा एक पट्टा खाली येत होता. सुश्रुत उठला आणि घडी त्या उजेडात धरली.

लालवर लाल पडलं. निळ्यावर निळं. पोपटावर पोपट, चोचीला चोच. भिंतीमागून भिंत... सगळं एकमेकांवर बसत गेलं, जसा पंख मिटावा.

एका चौकोनात बसलं नाही.

तिथे डावीकडे दार होतं. उजवीकडे भिंत.

तेवढाच एक चौकोन फिकट दिसत होता. शेंगदाण्याएवढासुद्धा नाही. छत्तीस वर्षांचा, दाढी राखलेला, सत्तर लाखांचा माणूस एका चौकोनापुढे पोरासारखा उभा राहिला.

"ही भिंत," तो म्हणाला. "ही भिंत मी ढकलली होती."

"किती वेळा?"

"एकदा."

"का?"

"का म्हणजे... भिंत होती म्हणून."

"हं."

"तुम्ही?"

"तीन वर्षं."

"तीन वर्षं! का?"

"माझ्या कागदावर दार होतं."

...

सुश्रुतचा फोन वाजला. ऑफिस. त्याने उचलला. "नाही," तो म्हणाला. "शेवट अजून मिळालेला नाही." आणि फोन पालथा घालून ठेवला.

वस्तादांचे जुने सहा जण सातव्या तळघरात कधीचे उभे होते, फ्लॉपीवर साठवलेले. वस्तादांनी मान हलवली, चालवा. सुश्रुत बसला. पावलं मोजली, तळहातावर पेनने लिहिली. आठ पुढे, तीन डावीकडे. पाण्याला वळसा. सगळ्यांना खायला घातलं, हे विशेष. दुसऱ्या वेळी त्याला कोणी सांगायची गरज पडली नाही.

भिंत आली. करडी, बाकीच्यांसारखी.

त्याने ढकलली. धप्प.

परत. धप्प.

तिसऱ्यांदा धप्प. त्याने मागे वळून बघितलं. वस्ताद मोर विणत होते. माहीत असून न बघणारा माणूस.

वस्तादांनी तीन वर्षं ढकलून सैल केलेली भिंत चौथ्यांदा आवाज न करता बाजूला झाली.

मशाल विझली.

पडदा सगळा काळा. सुश्रुतला वाटलं मशीन बंद पडलं. मग एकेक करून, अगदी फिकट, माणसं दिसायला लागली. भिंतीला टेकून बसलेली. ओळीने. कोणी ढाल मांडीवर घेतलेली, कोणाच्या हातात विझलेली मशाल. हलत नव्हती कोणी. प्रत्येकाच्या पायाशी नाव.

या मशीनवर जो जो मेला, तो तो.

चेअरमन. गिरणीवाला. सूत रंगवणारा. वीस-तीस वर्षांची गल्ली बसली होती तिथे. काही नावं दोन-दोनदा होती, म्हणजे वस्तादांनी मेलेल्याला परत घेतलं होतं आणि परत घालवलं होतं. खजिना नव्हता. तलवार नव्हती. हरवलेलं सगळं होतं.

खाली एक ओळ लुकलुकत होती. कोणाला हाक मारता?

"हलीमाबी," वस्ताद मागावरून म्हणाले. "बसलीयस का तिथं?"

"बघ की रे," ती सुश्रुतला म्हणाली. जागची उठली नाही. "बसलेय का मी?"

"बसलायत, मावशी."

"शेजारी?"

सुश्रुतने वाकून वाचलं.

"सरदारभाई."

"हाक मार."

त्याने इंग्रजी अक्षरांत नाव टाईप केलं. काळोखात एका माणसाने मान वर केली. त्याच्या पायाशी एक शब्द उमटला. हिअर.

"काय म्हणतात?"

"हजर," वस्ताद म्हणाले.

हलीमाबीने पदराने नाक पुसलं आणि चरखा फिरवला. "आठवड्याला एकदा विचारते मी," ती म्हणाली. "कंटाळत नाहीत बिचारे."

सुश्रुत ओळ बघत पुढे सरकत गेला. शेवटपर्यंत. ओळीच्या अगदी टोकाला, दाराजवळ, सहा जण नव्याने येऊन बसले होते. अजून नीट टेकलेसुद्धा नव्हते.

ए. बी. सी. डी. ई. एफ.

त्याने बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग एक अक्षर टाईप केलं.

ए ने मान वर केली.

हिअर.

...

सरदारभाईंनी म्हटलं होतं तसंच. तेवढंच. तक्रार नाही.

सुश्रुतने हात मागे घेतले.

"वस्ताद... माझे ते जुने. कोपरगावचे. तेही असेच बसले असतील का?"

"कुठं होते?"

"मित्राच्या घरच्या मशीनवर."

"मशीन आहे?"

"भंगारात गेलं."

वस्तादांचा धोटा थांबला. चरखाही थांबला. बाहेरचा मागसुद्धा नेमका तेव्हाच थांबला, आणि घरात असं गप्प झालं की कौलातल्या काचेवर चिमणी चालली ती ऐकू आली.

फोन परत वाजला. पालथा पडून जमिनीवर थरथरत फिरत राहिला. सुश्रुतने त्याच्याकडे असं बघितलं, जसं दुसऱ्याच्या जनावराकडे बघतात.

मग त्याने पडद्यावरची खोली बंद केली आणि खेळ पहिल्यापासून सुरू केला.

पहिल्याचं नाव?

त्याने लिहिलं, दिगंबर. कोपरगावच्या गल्लीतला. ढाल त्याचीच होती. दुसरं नाव लिहिलं, तिसरं लिहिलं. लिहिताना ओठ हलत होते. चौथं स्वतःच्या बहिणीचं, भांडून वैद्य झाली होती ती. पाचवं स्वतःचं.

सहावं?

बोटं थांबली.

ओळ लुकलुकत राहिली. सुश्रुतने डोळे मिटले. ज्याच्या घरी खेळायचे त्याचंच नाव. मशीन त्याचं, मशाल त्याच्या हातात. सिमेंटच्या दुकानाच्या वरची खोली आठवत होती. त्याच्या आईने दिलेल्या शेवभाजीची चव आठवत होती. त्याचा शर्टसुद्धा...

"सहावं नाव आठवत नाही," तो म्हणाला.

वस्तादांनी धोटा टाकला. झेलला.

"तेवीस वर्षं झाली हो," सुश्रुत म्हणाला. "आठवेल नंतर. तोवर एखादं अक्षर टाकू का?"

"नको."

"मग जागा रिकामी राहील."

"राहू द्या."

"पण वस्ताद, सहावा मशालवाला असतो! तो नसला तर खाली काहीच दिसणार नाही. चालणार कसं?"

वस्तादांनी धागा दातात धरला, ओढला, तोडला.

"नाव आठवेपर्यंत अंधारात चाला."